बापाच्या पेल्यात बार्लीचा चहा

माझं डोकं एका कोरियन मुलाने फिरवलं, असं माझ्या काकांचं ठाम मत आहे. ते त्याला 'तो चिनी गाणारा' म्हणतात. तो चिनी नाही आणि गातही नाही. तो रॅप करतो, म्हणजे तालात भांडतो. पण हे काकांना समजावण्याच्या भानगडीत मी पडत नाही. मीच एकदा भावाला त्याच्या अल्बमबद्दल सांगितलं होतं, ते त्यांच्यापर्यंत पोचलं. बाबांच्या दहाव्याला मी जे बोलले ते चांगल्या घरातल्या मुलीला आपणहून सुचणं शक्यच नाही, तेव्हा खापर कुणाच्यातरी माथी फोडायला हवं होतं. तो मुलगा सोयीचा पडला.

अल्बम खरं तर माझा नव्हता. नेदरलंड्समधल्या कापेल आन डेन आयसेल या गावात मी आणि एक कोरियन मुलगी मिळून भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. दोघी इथे शिकायला आलो आणि इथेच नोकरीला लागलो. करोनाच्या पहिल्या वर्षी तिची नोकरी गेली, राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली, आणि ती एका बॅगेत मावेल तेवढं घेऊन सोलला निघून गेली. मागे फ्रीजमध्ये तिखट कोबीची बरणी राहिली, आणि शेल्फवर एका अल्बमचा खोका. कोरियात लोक अजूनही सीडी विकत घेतात, आणि ती शालूच्या खोक्याएवढ्या खोक्यात येते. आत फोटोंचं जाड पुस्तक, त्यात सगळीकडे एक काटकुळा मुलगा पाठमोरा उभा.

ऐकून बघ, म्हणाली होती, तुझ्यासारखाच रागीट आहे. माझ्याकडे सीडी लावायला काही नव्हतं. खोका तसाच पडून राहिला आणि त्या हिवाळ्यात मी तो अल्बम शेवटी फोनवरच ऐकला. दिवसभर स्क्रीनवर मीटिंगा व्हायच्या. माझं ऑफिस माझ्या खिडकीतून दिसायचं, बंद, पण दिवे चालू. दुपारी चार वाजता अंधारायला लागायचं, तेव्हा मी कानात ते लावून नदीच्या बांधावर चालायला जायचे.

पहिल्या ट्रॅकमध्ये शब्दच नाहीत. नुसता श्वास, आणि मध्येच खुर्ची सरकवल्याचा आवाज. मला वाटलं फाइल बिघडली आहे. दुसऱ्या ट्रॅकला तो जो सुरू झाला, तो थांबेचना. मला कोरियन ओ की ठो कळत नाही, पण कुणी कुणाशी भांडतंय हे कळायला भाषा लागत नाही. हा मुलगा समोर नसलेल्या माणसाशी भांडत होता. मध्ये एका ठिकाणी त्याचा आवाज फाटतो, ताल पुढे निघून जातो आणि हा मागे राहतो. कुणीही शहाणा माणूस तेवढा भाग परत रेकॉर्ड करेल. याने तो तसाच ठेवला होता. मी तो तुकडा मागे नेऊन परत परत ऐकला.

अर्थ मैत्रिणीने सांगितला. सोलहून ती व्हॉइस मेसेज पाठवायची, इंग्रजी शब्द शोधत, मध्येच उसासे टाकत. मुलाचा बाप बस चालवायचा. दारू पिऊन घरी यायचा, मुलाच्या वह्या फाडायचा, आणि सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गल्लीतल्या सगळ्यांना वाकून नमस्कार करायचा. बाप मेल्यावर अख्खी गल्ली येऊन मुलाला सांगते, तुझा बाप फार भला माणूस होता. अल्बम म्हणजे त्या एका वाक्याला दिलेलं उत्तर.

त्यांच्याकडे वडिलांच्या तिथीला ताट मांडतात, भाताच्या वाटीत चमचा उभा रोवतात आणि मुलगा गुडघे टेकून पेल्यात दारू ओततो. आपलं श्राद्धाचं पानच, दारू तेवढी जास्तीची. शेवटच्या ट्रॅकमध्ये हा मुलगा पेल्यात बार्लीचा चहा ओततो. दारू तुम्ही जिवंतपणी पुरेशी प्यालात, असं बापाला सांगतो, आज चहा घ्या आणि मी काय म्हणतो ते शुद्धीत ऐका. त्यानंतर तो जे बोलतो त्याला संगीत नाही. आमच्याकडे हे भयंकर आहे, मैत्रीण म्हणाली, लोकांनी त्याला शिव्या घातल्या.

हे कळल्यावर मी बांधावरच्या बाकावर बसून रडले, असं लिहिलं तर शोभून दिसेल. मी रडले नाही. मला त्या मुलाचा हेवा वाटला. माझे वडील तेव्हा जिवंत होते.

बाबा कधी दारूला शिवले नाहीत, त्यांनी कधी माझ्यावर हात उगारला नाही. त्यामुळे हिला तक्रार करायला झालंय काय, असा प्रश्न लोकांना पडतो. झालं एवढंच, की मी इथे प्रबंध लिहीत असताना बाबांनी त्यांच्या मित्राच्या मुलाशी माझं लग्न ठरवलं. मला विचारलं नाही, कळवलं. मी नाही म्हणाले. मी शब्द दिलाय, ते म्हणाले. मी म्हटलं, तो तुम्ही दिलाय. त्यांनी फोन आईच्या हातात दिला, आणि त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. घरात कुणी या गोष्टीला भांडण म्हणत नसे. 'ते जरा नाराज आहेत,' एवढंच म्हणत. नाराजी वर्षानुवर्षं चालली. तो मुलगा दरम्यान दुसरीशी लग्न करून बाप झाला, तरी माझ्या बापाचा शब्द मोडला तो मोडलाच.

करोनात आई व्हिडिओ कॉल करायला शिकली. ती फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि बाबा शेजारच्या खुर्चीत पेपर धरून बसलेले असायचे. चित्रात त्यांचं फक्त कोपर यायचं. उठून आत जाता आलं असतं, पण जायचे नाहीत. मी आईशी बोलता बोलता कोपराशी बोलायला लागले. आई, गुडघेदुखीचं तेल आणलं का कुणी? आई, पेन्शनच्या कामाला बँकेत जाऊ नका म्हणावं. कोपर हलायचं, पान उलटल्याचा आवाज यायचा. एक पूर्ण वर्ष मी तेवढ्यावर भागवलं आणि त्याला संबंध सुधारतायत असं म्हणत राहिले. आता त्याची लाज नाही वाटत, चीड येते. मोठा माणूस पोरीला कोपर दाखवतो आणि पोरगी त्यावर आनंद मानते.

दुसऱ्या लाटेत त्यांना ऑक्सिजनची खाट मिळाली, तेच मोठं नशीब म्हणायचं. भावाला एकदा तो पांढरा झगा चढवून आत जाऊ दिलं. त्याने तिथून मला व्हिडिओ लावला, फोन बाबांच्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, बोलता का हिच्याशी? बाबांनी मान हलवली. नाही. भाऊ घाईघाईने म्हणाला, दमलेत गं ते. दमलेल्या माणसाची मान कशी हलते ते मला माहीत आहे. त्याच आठवड्यात ते गेले.

भारतातून येणारी विमानं डच सरकारने तेव्हा बंद केली होती आणि माझा परवाना नूतनीकरणात अडकला होता. मी गेले असते तर परत कधी येता आलं असतं याचा पत्ता नव्हता. आणि जाऊन तरी काय, सगळं पालिकेच्या माणसांनीच उरकलं, भावाला ते लांबून बघावं लागलं. मी ऑफिसला कळवलं. मॅनेजरने आपुलकीने हवी तितकी रजा घ्यायला सांगितली, आणि घरातल्या घरात रजेवर जाऊन मी दिवसभर फोन हातात धरून बसले.

घरच्या ग्रुपवर फणस पडायला सुरुवात झाली. बाहेरून काटेरी, आतून गोड. आतेभावाने लिहिलं, शेजाऱ्यांनी लिहिलं, बाबांच्या ऑफिसातल्या लोकांनी लिहिलं. आपल्यात कुठलाही कडक म्हातारा मेला की त्याचा फणस होतो. हे म्हणणारे सगळे पानात आलेले गरे खाणारे असतात. फणस फोडायला बसणाऱ्या बाईला विचारा, आधी हाताला तेल चोळावं लागतं, तरी चीक जाता जात नाही. आमच्या घरात ते काम आईचं होतं. मी ग्रुप वाचत होते आणि मला त्या कोरियन गल्लीतली माणसं दिसत होती. मी अल्बम लावला. या वेळी श्वासाच्या ट्रॅकलाच मला रडू फुटलं.

दहाव्याचं सगळं ऑनलाइन ठरलं. घाटावर मोजकीच माणसं सोडत होते, म्हणून भाऊ आणि काका गेले. आई घरून फोनवर, मी इथून. काकांनी आदल्या दिवशी मला बजावलं होतं की तूही थोडा भात शिजव आणि पान बाल्कनीत ठेव, तुझ्या हातूनही घडू दे. मी मऊ भात केला, वर दही आणि तीळ घातले. केळीचं पान इथे कुठून आणणार, कागदी बशीत वाढला.

भावाने फोन घाटाच्या कठड्याला टेकवला. पिंड मांडला होता, सगळे मागे सरकले होते. कावळे होते, पुष्कळ होते. समोरच्या झाडावर बसून इकडेतिकडे बघत होते. त्या दिवसांत घाटावर सकाळपासून रांग असायची, एकामागून एक पिंड, कावळ्यांची पोटं भरलेली. ते कशाला येतील? पण असं कुणी म्हणत नाही. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली आहे, आणि ती पुरवण्याचा शब्द कुणीतरी मोठ्याने द्यायचा असतो. भाऊ हात जोडून म्हणाला, बाबा, आईला काही कमी पडू देणार नाही. कावळ्याने पंख साफ केले. काका म्हणाले, दादा, मी आहे यांच्या पाठीशी. काही नाही.

मग काकांना माझ्या बाल्कनीची आठवण झाली. तू ठेवलंस का, त्यांनी विचारलं. मी दार उघडून बशी कठड्याजवळ ठेवली, आणि मी मागे वळायच्या आत एक पक्षी येऊन तीळ लावलेला गोळा उचलून समोरच्या छपरावर गेला. मी सांगितलं, शिवला. दोन सेकंद सगळ्यांचे चेहरे उजळले. मग काकांनी विचारलं, कसा आहे दिसायला? कावळ्याच्या जातीचाच होता, पण लहान, आणि डोळे पांढरे. मी तसं सांगितलं. खोटं बोलायला हवं होतं, पण मला वाटलं आता काय फरक पडतो. गुरुजींनी मास्क हनुवटीवर घेतला आणि निर्वाळा दिला, की पांढऱ्या डोळ्यांचा चालणार नाही, आणि पिंड इथे असताना तिकडे शिवून उपयोग काय. मला खरं म्हणजे हसू येत होतं. बाबाही इतक्या चटकन मानणारे नव्हतेच.

रांगेतल्या मागच्या घरची माणसं ताटकळत होती. काका फोनजवळ आले, त्यांचं कपाळ स्क्रीनभर झालं.

"त्याचा जीव कुणात अडकलाय ते सगळ्यांना माहितीये," ते म्हणाले. "म्हण, बाबा, मी परत येते. तुम्ही म्हणाल तिथे लग्न करते. एवढं म्हण, लगेच येतो बघ कावळा."

म्हणणारा तर गेला होता. म्हणजे आता काका म्हणतील तिथे. भाऊ मागून पुटपुटला, अगं म्हणून टाक ना, म्हणायला काय जातं. आईच्या चौकोनात आई बसली होती, पदर तोंडाला लावून.

म्हणायला काय जातं, हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे. सॉरी म्हण, हो म्हण, नमस्कार करते म्हण. पण हा शब्द मेलेल्या माणसाला द्यायचा होता. जिवंत माणसाला दिलेला शब्द निदान भांडून परत घेता येतो. मी दिला असता तर घरातल्या प्रत्येक फोनवर, प्रत्येक सणाला, आई आजारी पडली की, भावाला मूल झालं की, कुणीतरी त्याची आठवण करून दिली असती. बापाने आधी माझ्या वतीने एक शब्द देऊन ठेवला होता, आता मेल्यावर त्याला दुसरा हवा होता, तोही माझ्या तोंडून. माझ्या डोक्यात तो मुलगा पेल्यात चहा ओतत होता.

"बाबा," मी म्हणाले, "मी परत येणार नाही आणि लग्नाचा शब्द देणार नाही. तुम्ही मला न विचारता शब्द दिलात आणि मी नाही म्हटल्यावर बोलणं टाकलंत. हॉस्पिटलातसुद्धा नाही म्हणालात. मला त्याचा राग आहे. तुम्ही गेलात म्हणून तो गेलेला नाही. समोर भात ठेवलाय. जेवायचं असेल तर जेवा."

'हॉस्पिटलातसुद्धा'वर माझा आवाज फाटला आणि उरलेलं सगळं त्या फाटक्या आवाजातच बोलले.

कावळा आला नाही. अशा वेळी तो यायला हवा होता, गोष्टीत आलाही असता. घाटावर कुणीतरी खोकलं. गुरुजींनी चार दर्भ घेतले, त्यांना गाठ मारून दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला टेकवला आणि भावाला म्हणाले, चला, झालं, पुढच्यांना येऊ द्या. काकांनी फोन उचलून एवढंच ऐकवलं, की पोटच्या पोरीने बापाला उपाशी घालवलं. मग फोन बंद झाला.

मला हलकं वाटलं. ते लपवत नाही. संध्याकाळी मी मैत्रिणीला सगळं सांगितलं, मोठ्या ऐटीत सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, तेव्हा तुझ्या आईचा चेहरा कसा होता? मला सांगता येईना. मी त्या वेळी काकांच्या कपाळाकडे बघत होते. फोन ठेवल्यावर मी तो अल्बम पुन्हा लावला आणि तिने धाडलेले अर्थ शेजारी उघडून बसले. बाप आहे, गल्ली आहे, फाटलेल्या वह्या आहेत, इस्त्रीचा शर्ट आहे. शर्टाला इस्त्री कोण करत होतं ते कुठेच नाही. अख्ख्या अल्बममध्ये आई नाही. इतक्या वेळा ऐकून मला ते दिसलं नव्हतं, आणि त्या मुलाचा मला पहिल्यांदा राग आला.

आईने फोन उचलायला बरेच दिवस लावले. भाऊ सांगायचा, ती झोपलीये, ती पूजेला बसलीये, तिच्याकडे बायका आल्यात. बायका कशाला येत होत्या ते मला ठाऊक होतं. नवरा अतृप्त गेला म्हणून हळहळायला, कुणी एखादी शांत करायला सांगायला, कुणी पोरीचे प्रताप तिच्याच तोंडून ऐकायला. काका दर रविवारी येऊन तो विषय काढत होते. मी रागाने भावाला म्हणाले, त्यांना येऊ नका म्हणून सांग. तो म्हणाला, तू सांग की, तुला येतं सांगता.

इथे उन्हाळा आला, लस मिळाली, लोक बाहेर खुर्च्या टाकून बिअर प्यायला लागले. एका दुपारी आईचा फोन आला. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज. घरात कुणी नव्हतं म्हणून केला, म्हणाली. तिने आधी हवापाणी विचारलं. मग मीच विषय काढला. मी म्हटलं, आई, मी त्या दिवशी एक अक्षर खोटं बोलले नाही. माझी अपेक्षा होती की ती रडेल, किंवा ओरडेल, किंवा, खरं सांगायचं तर, बरं केलंस म्हणेल. तिच्या बाजूने बोलले अशी माझी समजूत होती.

"नाही बोललीस खोटं," आई म्हणाली. "मी पण ऐकत होते. खरं बोलायला मलाही आलं असतं. पण मला याच घरात राहायचं होतं."